खाडीकांठचें छायाचित्रण आणि तिथीचा हिशेब

गाणें शिकणारा शिष्य पूर्वीं वर्षानुवर्षें गुरूच्या मागें तंबोरा धरून बसे. गुरु त्याला फारसें कांहीं सांगत नसे. शिष्य ऐकत राही, आणि ऐकतां ऐकतां त्याचा कान तयार होई. छायाचित्रणाची कला पुस्तकांवरून आणि यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकावरून साध्य होते असा समज आज रूढ आहे, आणि यंत्रापुरता तो खोटाही नाहीं. परंतु समुद्राकांठचा, त्यांतूनही खाडीकांठचा देखावा टिपावयाचा म्हटलें कीं तो लवकरच अपुरा पडतो. तेथें त्याच गांवांत मुरलेल्या एखाद्या छायाचित्रकाराच्या मागें चार सकाळ उभें राहावें, आणि तो काय करतो यापेक्षां तो कशासाठीं थांबला आहे हें पाहावें, यासारखा दुसरा मार्ग नाहीं.

ठाणें आणि कल्याण-डोंबिवली हीं समुद्राकांठचीं शहरें आहेत हें तेथील रहिवाशांनाही आठवण करून द्यावें लागतें. रोज लोकलगाडीनें खाडीवरचा पूल ओलांडणाऱ्यांपैकीं खिडकीबाहेर पाहणारे थोडेच. वास्तविक ठाण्याची खाडी म्हणजे मुंबई बंदराचा उत्तरेकडे आंत शिरलेला हात. आणि उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीवरून येऊन ठाण्याच्या उत्तरेस वळसा घालते व वसईपाशीं समुद्रास मिळते. या दोन पाण्यांनींच साष्टी बेट मुख्य भूमीपासून तोडलें आहे. कल्याण हें तर प्राचीन बंदर; १६५७ सालीं तें शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आलें आणि तेथल्या खाडीवर मराठ्यांच्या आरमारानें आकार घेतला.

या कांठावर फुटणाऱ्या लाटा नाहींत, पांढरी वाळू नाहीं, नारळीची रांगही नाहीं. आहे तो चिखल, तिवरांची हिरवी भिंत, आणि दिवसांतून दोनदां चढून दोनदां उतरणारें पाणी. म्हणूनच जाणता छायाचित्रकार घरून निघण्यापूर्वीं आभाळाकडे पाहण्याच्या आधीं पंचांगाकडे पाहतो.

कोंकणपट्टींत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब असा कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी आणि तितक्याच अवधीनें पुन्हां भरती. हा हिशेब ढोबळ आणि मुंबई बंदराच्या आसपासचा. खाडींतून जसजसें आंत जावें तसतसें पाणी उशिरा पोहोंचतें. ठाण्यास थोडें उशिरा, कल्याणास त्याहून उशिरा. आपल्या धक्क्यावर तें किती उशिरा येतें, हें ज्याचें त्यानें उभें राहूनच शिकावयाचें असतें.

या हिशेबांतून एक मोठी मौजेची गोष्ट निघते. उधाण येतें तें पौर्णिमा-अमावास्येस किंवा त्यामागून एकदोन दिवसांनीं, आणि मोठ्या उधाणास मुंबई बंदरांत पाणी साडेचार मीटरांहूनही उंच चढतें. परंतु त्या दिवसांची भरती सदैव दुपारच्या व मध्यरात्रीच्या सुमारास. सूर्योदयास भरती गांठावयाची तर अष्टमीच्या आगेंमागें जावें लागतें, आणि तेव्हां पाणी भांगाचें, म्हणजे कमी चढणारें. तात्पर्य, खाडी कांठोकांठ भरलेली आणि वर कोवळें ऊन, असें चित्र ठाण्याच्या खाडीवर मिळावयाचें नाहीं. नवशिका नेमका तेंच शोधीत हिंडतो. उलट सर्वांत मोठी ओहोटी मात्र ऐन पहाटे आणि सायंकाळीं भेटते. पाणी हटतें, चिखलांतल्या नागमोडी नाळा उघड्या पडतात, निवट्या धरणारे कोळी कमरेपर्यंत रुतून चालूं लागतात, आणि ओल्या चिखलावर सबंध आभाळ उतरतें. ज्या चिखलाला आपण कुरूप म्हणतों, तोच या खाडीचा आरसा आहे.

या आरशाशीं यंत्राचें जमत नाहीं. यंत्रांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें धरून चालतो. त्यामुळें चांदीसारखा चकाकणारा चिखल चित्रांत राखेसारखा उतरतो. चिखल उजळ घ्यावा, तर आभाळ पांढरें फटफटीत पडतें. ही अडचण आजची नव्हे. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे यानें १८५० नंतरच्या दशकांत समुद्राचीं जीं गाजलेलीं छायाचित्रें केलीं, त्यांपैकीं कांहींत त्यानें आभाळाची एक कांच आणि पाण्याची दुसरी कांच घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापल्या होत्या. आजचीं यंत्रें तीच युक्ति क्षणांत करतात. स्थानिक छायाचित्रकाराची तोड मात्र याहून साधी असते: तो पुष्कळदां उगवत्या सूर्याकडे पाठ फिरवितो, आणि तिवरांच्या पानांवर, नांगरलेल्या होड्यांच्या बाजूंवर तो उजेड कसा पडला आहे तें टिपतो. सूर्यबिंबाचा मोह सुटावयास शिकणाऱ्याला बहुधा एक हिवाळा लागतो.

पाहून शिकण्याच्या दुसऱ्या गोष्टी हातापायांच्या आहेत. तिवईचे पाय चिखलांत सावकाश आणि विषम बुडतात, आणि दोन सेकंदांचें चित्र तेवढ्यानें हलतें; म्हणून पायांखालीं फळीचे तुकडे. खारट दमट वाऱ्यानें भिंगावर आलेला थर कोरड्या फडक्यानें पुसला तर ओरखडे पडतात. म्हणून आधीं गोड्या पाण्यानें ओलावलेलें फडकें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर थोड्या वेळानें मागें वळून पाहणें. समुद्रावर भरती समोरून येतांना दिसते. खाडींत ती आधीं नाळांतून शिरते, आणि चिखलांत पुढें गेलेल्या माणसाच्या पाठीमागची नाळ त्याला न कळतां भरते. तो परतूं लागतो तेव्हां वाट पाण्याखालीं आणि पाय गाळांत असतात. अनोळखी चिखलांत एकट्यानें उतरूं नये. धक्का सोडूं नये. जाणता छायाचित्रकार याबाबत शिकणाऱ्याचा संकोच ठेवीत नाहीं, हातास धरून मागें ओढतो.

थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत या चिखलावर रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो पक्ष्यांचे थवे उतरतात. ठाणें खाडीचा हा भाग २०१५ सालीं त्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ सालीं रामसर स्थळांच्या यादींत गेला. पाणी चढूं लागलें कीं चिखल आखडतो आणि पक्षी कांठाकडे सरकतात. थांबणाऱ्याला ते आपण होऊन जवळ येतात. न थांबणारा होडी पुढें घालावयास सांगतो, थवा उठतो, आणि गुलाबी पंखांचें एक चित्र मिळतें. परंतु ओहोटीचे मोजके तास हेच त्या पक्ष्यांचे जेवणाचे तास. तेवढ्या एका चित्रासाठीं त्यांचें ताट उधळलें जातें. होडी लांब थांबवून यंत्र मांडीवर ठेवणारा छायाचित्रकार शिकणाऱ्याला प्रथम आळशी वाटतो.

एकाच धक्क्यावरून, एकाच तिथीस, दर वर्षीं घेतलेलें चित्र ही अशा माणसाची खरी पुंजी होय. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनाच्या तोडीस मनाई केली; तरी भराव कोठें पडला, तिवरांची रेघ किती मागें गेली किंवा कोठें पुढें आली, हें अशा चित्रांतून डोळ्यांना दिसतें.

ठाण्याचा पूर्वेचा कांठ सकाळचा, कारण सूर्य खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगरामागून येतो. डोंबिवलीचा पश्चिमेकडील कांठ आणि कल्याणचा दुर्गाडी हे सायंकाळचे. तेथें पावसाळ्यांत पाणी तांबूस आणि नदीचेंच असतें, आणि वरून वाहत आलेली जलपर्णीही त्यांत दिसते. नवशिका ती चौकटीबाहेर ठेवण्यासाठीं इकडेतिकडे सरकतो. शेजारचा छायाचित्रकार तिच्यासाठीं, पुलासाठीं आणि पलीकडच्या इमारतींसाठीं चौकटींत जागा करून ठेवतो, आणि उजेड आणखी थोडा उतरण्याची वाट पाहतो.