तार तुटली, ईदचा माल अडकला

पावसाळा लागला की वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते : ओव्हरहेड वायर तुटली, गाड्या खोळंबल्या. नोकरदार माणूस कामावर उशीर झाला म्हणून चार शब्द बोलतो आणि विसरून जातो. आम्हा कापडवाल्यांना विसरता येत नाही. मालेगावला रेल्वे स्टेशन नाही. ज्या गाठी रेल्वेने पाठवायच्या त्या ट्रकने मनमाडला न्याव्या लागतात. तिथून पुढे सगळा भरवसा त्या एका तारेवर.

ही तार आहे तरी काय? रुळांपासून साधारण साडेपाच मीटर उंचीवर तांब्याची तार ताणलेली असते आणि तिच्यात २५ हजार व्होल्टची वीज खेळते. इंजिनाच्या टपावरचा पँटोग्राफ तिला खालून घासत वीज घेतो. तार रुळावर सरळ रेषेत नसते, जरा नागमोडी बांधतात, म्हणजे पँटोग्राफची पट्टी एकाच जागी झिजत नाही. मागावर धोटा अडकला की शेकडो धागे तुटतात, हे आपल्या कारागिरांना सांगायला नको. इथेही तसेच. तार ढिली पडली किंवा पट्टी फुटली की पँटोग्राफ तारेत गुंततो, आणि गाडी थांबेपर्यंत लांबवर सगळे जाळे ओरबाडत नेतो. निमित्त मात्र क्षुल्लक असते. वाऱ्याने पडलेली फांदी, कावळ्याने घरट्यासाठी आणलेला तारेचा तुकडा, पतंगाचा मांजा. कधी चोरांना तांब्याचा मोह पडतो.

दुरुस्ती करायची तर आधी वीज बंद करून तार जमिनीला जोडावी लागते, मगच माणूस वर चढतो. दुरुस्तीची गाडी यायची तीही त्याच रुळांवरून, जिथे अडकलेल्या गाड्या रांगेने उभ्या. म्हणून तासाभराच्या कामाला अर्धा दिवस लागतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. आता ब्रॉडगेजचे जवळजवळ सर्व मार्ग विजेवर आले आहेत. डिझेलचा धूर गेला हे चांगलेच झाले, पण तारेवरची मदारही तेवढीच वाढली.

मार्ग मोकळा झाला की आधी प्रवासी गाड्या सुटतात, आणि ते रास्तच आहे. पण पार्सलची गाठ एकदा जोडगाडी चुकली की जंक्शनच्या फलाटावर पडून राहते. एका वर्षी आमच्या लुंग्यांच्या गाठी अशाच राहिल्या आणि ईदनंतर पोहोचल्या. माल शाबूत होता, एक धागा भिजला नव्हता. गिऱ्हाईकाने मात्र उचलायला नकार दिला. त्याचेही चुकले म्हणता येणार नाही. सणाचा माल सणानंतर घेऊन त्याने करायचे काय? शेवटी तोच माल पडत्या भावात विकला, आणि सूतवाल्याची उधारी तीन महिने लांबली.

अशा वेळी पुष्कळ व्यापारी म्हणतात, रेल्वेवर दावा ठोकू. दाव्याआधी कायदा पाहावा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम ९५ सांगते की उशिरामुळे माल खराब झाला, पण उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने किंवा हलगर्जीविना झाला हे रेल्वेने सिद्ध केले, तर तिच्यावर जबाबदारी नाही. त्याहून महत्त्वाचे कलम १०२. विशिष्ट बाजार हुकल्याचे नुकसान रेल्वे देत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ईदचा बाजार हुकला तो याच कलमात बसतो. विम्याचेही तेच. देशांतर्गत वाहतुकीच्या नेहमीच्या पॉलिसीत उशिराने झालेले नुकसान वगळलेले असते.

माल गहाळ झाला, फाटला किंवा भिजला तर गोष्ट वेगळी. तिथे हक्क आहे. पण माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते (कलम १०६). आपल्याकडे नोटीस द्यायची सोडून पार्सल ऑफिसच्या खेपा घालण्यात सहा महिने निघून जातात. बुकिंगच्या वेळी मालाची किंमत लिहून जादा आकार भरला नसेल, तर भरपाई वजनाच्या हिशेबाने ठरलेल्या मर्यादेतच मिळते. चार पैसे वाचवायला किंमत न लिहिणारे आमच्या बाजारात कमी नाहीत.

तेव्हा बाजार हुकण्याचा धोका आपल्यालाच उचलायचा आहे. आम्ही आता सणाचा माल दोन खेपांत पाठवतो. पहिली खेप रमजान लागण्याआधी रेल्वेने, उरलेली ट्रकने, भाडे जास्त पडले तरी. गिऱ्हाईकाशी सौदा करतानाच माल कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा आणि उशीर झाल्यास भाव किती कमी करायचा, हे चिठ्ठीवर लिहून घेतो. जुन्या गिऱ्हाइकांना आधी हे खटकले, आता तेच चिठ्ठी मागतात.

२०१४ ते २०१६ या तिन्ही वर्षी ईद जुलैत, ऐन पावसात आली होती. आता ती सरकत हिवाळ्याकडे चालली आहे आणि काही वर्षांत जानेवारीत येईल. तेव्हा पाऊस नसेल, पण संक्रांतीचे पतंग असतील, आणि मनमाडशेजारचे येवले तर पतंगांसाठीच प्रसिद्ध. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो विकला जातोच. आपल्या दुकानात कोणी ठेवत असेल तर त्याने आपल्याच गाठी कोणत्या गाडीत आहेत, तेवढे पाहून घ्यावे.