हॅकनीच्या मोहल्ल्यातून ऑस्करच्या मंचावर : आसिफ कपाडिया यांचा प्रवास आपल्याला काय शिकवतो?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते. नीट की जेईई? फार्मसी की डी.एड.? अशात एखादी मुलगी म्हणाली, "अब्बू, मला डॉक्युमेंटरी बनवायची आहे," तर घरात क्षणभर शांतताच पसरते. मग प्रश्न येतात. त्यात पैसे मिळतात का? नोकरी कुठे लागते? आणि लोक काय म्हणतील?

हे प्रश्न चुकीचे नाहीत. म्हणूनच आज आम्ही एका अशा माणसाची ओळख करून देतोय, ज्याने हेच काम करत राजस्थानच्या वाळवंटापासून उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फापर्यंत आणि ब्राझीलपासून इटलीच्या नेपल्सपर्यंत मजल मारली. नाव आसिफ कपाडिया.

गुजराती कुटुंब, लंडनचा मोहल्ला

आसिफ कपाडिया यांचा जन्म 1972 मध्ये लंडनच्या हॅकनी भागात झाला. कुटुंब मूळचं गुजरातचं, मुस्लिम. हॅकनी तेव्हा कष्टकऱ्यांची, देशोदेशीहून आलेल्या लोकांची वस्ती होती. सिनेमाचं रीतसर शिक्षण घेत ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टपर्यंत पोहोचले.

विद्यार्थी असताना त्यांनी 'द शीप थीफ' ही शॉर्ट फिल्म बनवली. त्यासाठी ते थेट राजस्थानात आले. या फिल्मला 1998 मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात दुसरं बक्षीस मिळालं.

पुढे 2001 मध्ये 'द वॉरियर' हा त्यांचा पहिला मोठा सिनेमा आला. राजस्थान आणि हिमाचलमध्ये शूटिंग, भाषा हिंदी आणि नायक इरफान खान. इरफान तेव्हा बहुतेकांना टीव्ही मालिकांमुळेच माहीत होते. ब्रिटनमध्ये या सिनेमाला बाफ्टा पुरस्कार मिळाला. ब्रिटनतर्फे तो ऑस्करच्या परदेशी भाषा विभागात पाठवायचा प्रयत्नही झाला, पण हिंदी ही ब्रिटनची भाषा नाही, असं कारण देत ऑस्करवाल्यांनी तो नाकारला. लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या सिनेमाची ओळख अशी अधांतरी राहिली. दोन देशांचे असणाऱ्यांना कधी कधी कोणीच आपलं म्हणत नाही, हे परदेशी स्थायिक झालेल्या आपल्यातल्या अनेक कुटुंबांना चांगलं ठाऊक आहे.

त्यानंतर त्यांनी हॉलिवूडचा एक भयपट केला. मग मिशेल योला घेऊन 'फार नॉर्थ' हा सिनेमा नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या बर्फात चित्रित केला. तोपर्यंत डॉक्युमेंटरी हा काही त्यांचा प्रांत नव्हता.

'सेना'ने दिशा बदलली

आयर्टन सेना हा ब्राझीलचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर. तीन वेळा विश्वविजेता. 1 मे 1994 रोजी इटलीतल्या इमोला ट्रॅकवर अपघातात त्याचा मृत्यू झाला. वय अवघं 34. त्याच्या आयुष्यावर कपाडियांनी 2010 मध्ये 'सेना' ही डॉक्युमेंटरी केली.

डॉक्युमेंटरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? खुर्चीत बसलेले जाणकार, मागे पुस्तकांचं कपाट आणि भारदस्त आवाजातलं निवेदन. कपाडियांनी हे सगळं बाजूला ठेवलं. शर्यतींची, ड्रायव्हरांच्या बैठकांची, सेनाच्या घरची जुनी फिल्म त्यांनी गोळा केली आणि त्यातूनच गोष्ट उभी केली. माणसं बोलतात, पण पडद्यावर त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज येतो. पडद्यावर सेना जिवंत असतो. शेवट माहीत असूनही प्रेक्षक धडधडत्या काळजाने बघत राहतो. 'सेना'ला दोन बाफ्टा मिळाले, एक उत्कृष्ट डॉक्युमेंटरीचा आणि एक एडिटिंगचा.

काम नेमकं चालतं कसं?

इथे थोडं थांबून हे काम समजून घेऊ. अशा फिल्ममध्ये कॅमेऱ्यापेक्षा शोधाशोध जास्त असते. कोणाकडे कोणती टेप पडून आहे, हे आधी शोधायचं. मग ती वापरण्याचे हक्क मिळवायचे. ही खर्चाची बाब आहे आणि त्यात महिनोन् महिने जातात. मग संबंधित माणसांचा विश्वास मिळवायचा. शेवटी शेकडो तासांचं फुटेज दोन तासांवर आणायचं. एकेका फिल्ममध्ये काही वर्षं जातात.

विश्वास मिळवण्याची कपाडियांची पद्धत साधी आहे. गायिका एमी वाइनहाऊसवरच्या 'एमी' या फिल्मसाठी त्यांनी शंभरावर मुलाखती घेतल्या. कॅमेरा नाही, खोलीत मंद उजेड आणि समोर फक्त माइक. एमी 2011 मध्ये 27 व्या वर्षी गेली होती. तिचे मित्र-मैत्रिणी दुःखात होते, माध्यमांवर चिडलेले होते. अंधारात बसून ते मोकळे झाले.

'एमी' 2015 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला ऑस्कर मिळाला. एमीच्या वडिलांनी मात्र आपलं चित्रण चुकीचं झाल्याचं सांगत जाहीर नाराजी व्यक्त केली. ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी. खऱ्या माणसांवर फिल्म बनवणं ही अमानत आहे. जो गेला तो उत्तर द्यायला येत नाही, आणि जे मागे राहिले त्यांना त्या चित्रासोबत जगावं लागतं.

2019 मध्ये 'दिएगो मॅराडोना' आली. पाचशे तासांहून जास्त फुटेजमधून तयार झालेली. अर्जेंटिनाच्या गरीब वस्तीतला मुलगा 1984 मध्ये नेपल्सला येतो. उत्तर इटलीतले लोक या दक्षिणेकडच्या शहराला हिणवत असतात, स्टेडियममध्ये शिव्या देतात. तोच नेपल्सला दोनदा लीग जिंकून देतो आणि त्याच शहरात बरबादही होतो. ही फिल्म खेळाबद्दल जितकी आहे, तितकीच ती तुच्छ लेखल्या गेलेल्या लोकांच्या अभिमानाबद्दल आहे.

एवढं नाव कमावलेल्या या माणसाचीही विमानतळांवर वारंवार अडवणूक झाली. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या काळातले हे अनुभव त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितले आहेत. 2024 मध्ये आलेल्या '2073' या फिल्ममध्ये पाळत, खोटा प्रचार आणि पत्रकारांवरचा दबाव हाच विषय आहे. त्यात मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूबही दिसतात.

मग आपल्या मुलांचं काय?

आम्ही असं म्हणणार नाही की प्रत्येकाने कॅमेरा घेऊन निघावं. या वाटेवर ठरलेला पगार नाही. कपाडियांनाही पहिल्या मोठ्या सिनेमापासून ऑस्करपर्यंत जवळपास पंधरा वर्षं लागली. पण दारं बंद नाहीत. पुण्यात एफटीआयआय आहे, दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाचं मास कम्युनिकेशन सेंटर आहे. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेली 'ऑल दॅट ब्रीद्स' ही डॉक्युमेंटरी जामियात शिकलेल्या शौनक सेन यांची. तिचे नायक कोण? जखमी घारींवर उपचार करणारे दिल्लीतले दोन मुस्लिम भाऊ.

आपल्याबद्दल बरंच काही दाखवलं जातं आणि आपण तक्रार करतो की हे आम्ही नाही. तक्रार रास्त आहे. पण आपली गोष्ट सांगायला आपलीही मुलं तिथे असायला हवीत.

आणि एक काम तर आजच करता येईल. 'एमी'ची सुरुवात आठवा. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा तो घरगुती व्हिडिओ. कोणीतरी ती टेप जपून ठेवली म्हणून जगाला ती पोरगी दिसली. कोकणातल्या कितीतरी घरांत आखातात गेलेल्या चाचा-मामूंनी आवाज भरून पाठवलेल्या कॅसेट असतील. कुठे लग्नाची व्हीएचएस असेल, कुठे दादीच्या आवाजातल्या गोष्टी. या टेप ओलीने खराब होतात. त्या वेळीच डिजिटल करून घ्या, मागे तारीख आणि नावं लिहून ठेवा. उद्या तुमच्याच घरातली एखादी मुलगी त्या शोधत येईल. तेव्हा "भंगारात दिल्या" असं सांगायची वेळ येऊ नये.