देणगीच्या आशेने गप्प बसलेले विद्यापीठ

ज्या घरात थॅलेसिमियाचे मूल आहे त्या घराचे महिन्याचे गणितच वेगळे असते. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचे, रक्तपेढीत खेपा घालायच्या, मुलाची शाळा बुडते, आई-बापांची रोजी बुडते. एवढे करूनही दुसरे संकट उभेच असते. बाहेरून दिलेल्या रक्तातून शरीरात लोह येते आणि ते जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साचते, हृदयात साचते. पूर्वी यावर एकच उपाय होता: पोटाच्या कातडीखाली सुई टोचून रात्रभर छोट्या पंपाने औषध सोडत राहायचे, तेही आठवड्यातून पाच-सहा रात्री. लहान मूल हे किती वर्षे सहन करणार? कित्येक मुले मोठी होता होता कंटाळून सुई सोडून देत.

म्हणून डेफेरिप्रोन नावाची, तोंडाने घ्यायची गोळी निघाली तेव्हा अशा घरांना हायसे वाटले. मुंबईतही तिच्या चाचण्या झाल्या आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास सिप्लाने ती ‘केल्फर’ नावाने भारतात विक्रीस आणली. युरोप-अमेरिकेच्या आधी ती आपल्याकडे मिळू लागली होती. याच गोळीवरून कॅनडात एक मोठा झगडा झाला. विद्यापीठ चालवणाऱ्यांनी पैशाचे ऐकायचे की आपल्याच अध्यापकाचे, हा प्रश्न त्यात असा उघडा पडला की आजही त्याची आठवण काढावी लागते.

टोरांटो येथे मुलांचे एक प्रसिद्ध हॉस्पिटल आहे, हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन. ते टोरांटो विद्यापीठाशी संलग्न आहे. तेथील रक्तविकारतज्ज्ञ डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी या गोळीवर काम करत होत्या. पुढे मोठ्या चाचण्यांसाठी पैसा हवा म्हणून १९९३ मध्ये अ‍ॅपोटेक्स या कॅनडातील औषध कंपनीशी करार झाला. कंपनीच्या संमतीशिवाय चाचणीची माहिती बाहेर द्यायची नाही, असे एक कलम त्यात होते. डॉक्टरीणबाईंनी त्यावर सही केली. ही त्यांची चूकच म्हटली पाहिजे, पण त्या काळी असे कलम अनेक करारांत असे आणि ते अडवण्याचा नियम ना हॉस्पिटलकडे होता, ना विद्यापीठाकडे.

सुरुवातीचे निष्कर्ष चांगले होते. १९९५ मध्ये ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात छापूनही आले. अडचण नंतर सुरू झाली. काही मुलांच्या बाबतीत गोळीचा असर उतरत चालला आहे, लोह पुन्हा वाढते आहे, असे ऑलिव्हिएरींना दिसले. त्यांनी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला कळवले. कमिटीने सांगितले, रुग्णांना ही गोष्ट सांगा, संमतीपत्र बदला. कंपनीला हे निष्कर्ष मान्य नव्हते. २४ मे १९९६ रोजी तिने टोरांटोतील चाचण्या बंद केल्या आणि बजावले की माहिती बाहेर गेली तर कायदेशीर कारवाई करू.

जरा त्या आईचा विचार करा, जी आपल्या लेकराला रोज ती गोळी देत आहे. गोळीत धोका असू शकतो हे डॉक्टरला ठाऊक आहे, आणि कागदावरच्या सहीमुळे डॉक्टरने ते आईला सांगू नये अशी अपेक्षा आहे. रुग्ण आपला जीव डॉक्टरकडे अमानत म्हणून ठेवतो, ही गोष्ट आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

ऑलिव्हिएरींनी सांगितले. पुढे १९९७ मध्ये त्यांना दुसरा, अधिक गंभीर संशय आला, की ही गोळी यकृताला इजा करत असावी. तोही त्यांनी रुग्णांना कळवला आणि ऑगस्ट १९९८ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला.

दोन कोटींची इमारत

आता विद्यापीठाकडे वळू. एका अध्यापिकेला खाजगी कंपनी कोर्टाची धमकी देते, तेव्हा विद्यापीठाने वकील घेऊन तिच्या पाठीशी उभे राहावे, अशीच आपली समजूत असते. तसे झाले नाही. याच काळात टोरांटो विद्यापीठाची अ‍ॅपोटेक्सशी एका मोठ्या देणगीची बोलणी चालू होती. संशोधनाची नवी इमारत उभी करण्यासाठी कंपनी विद्यापीठाला दोन कोटी डॉलर देणार होती.

विद्यापीठाने लाच घेतली असे कोणी म्हणाले नाही, आणि मीही म्हणत नाही. पैसा अजून हातात आलाही नव्हता. येईल एवढी आशा होती, आणि तेवढ्यानेच विद्यापीठ किती दूर गेले ते पाहा. १९९९ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी थेट कॅनडाच्या पंतप्रधानांना पत्र लिहिले. औषधांच्या पेटंटविषयी सरकार जे नियम आणू पाहत होते, त्याने अ‍ॅपोटेक्सचे उत्पन्न घटेल आणि आमची देणगी धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. ज्ञानाच्या घराचा प्रमुख औषध कंपनीची वकिली करत होता! बोभाटा झाल्यावर त्यांनी माफी मागितली.

हॉस्पिटलमध्ये तर ऑलिव्हिएरींना एकटे पाडण्यात आले. एका सहकाऱ्याने त्यांची निंदा करणारी निनावी पत्रे वाटली. ती कोणाची हे शेवटी डीएनए तपासणीने उघड झाले. त्यांची बाजू घेणाऱ्या चार सहकाऱ्यांनाही गप्प राहायला सांगितले गेले. जानेवारी १९९९ मध्ये त्यांना कार्यक्रमाच्या प्रमुखपदावरून काढले. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील या विषयाचे जाणते डॉक्टर टोरांटोला धावून आले, आणि त्यांच्या मध्यस्थीने काही आठवड्यांत तडजोड झाली. ती घडवण्यात विद्यापीठाच्या त्याच अध्यक्षांनी मदत केली, हेही सांगायला हवे.

कॅनडातील विद्यापीठ-शिक्षकांच्या संघटनेने या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी करवली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेला तो पाचशेहून अधिक पानांचा अहवाल ऑलिव्हिएरींच्या बाजूचा होता. हॉस्पिटल आणि विद्यापीठ या दोघांनीही त्यांना परिणामकारक पाठबळ दिले नाही, असे त्यात म्हटले होते. डिसेंबरमध्ये डॉक्टरांच्या नियामक संस्थेनेही त्यांना निर्दोष ठरवले.

गोळी वाईट होती का?

येथे वाचकांची गल्लत होऊ नये. ही गोळी आजही वापरात आहे. युरोपात १९९९ मध्ये आणि अमेरिकेत २०११ मध्ये तिला मर्यादित परवानगी मिळाली. यकृताच्या धोक्याविषयी ऑलिव्हिएरींचे मत इतर अनेक तज्ज्ञांनी मानले नाही. कोणाच्या घरात ती चालू असेल तर हा लेख वाचून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. त्यांचे अनुमान चुकीचे ठरले असते तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. धोका आहे की नाही हे तज्ज्ञांनी उघडपणे भांडून ठरवायचे असते, आणि भांडण्यासाठी आधी तोंड उघडता आले पाहिजे.

या झगड्याने नियम मात्र बदलले. २००१ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि त्याच्या हॉस्पिटलांनी ठरवले की धोक्याची माहिती रुग्णांपासून दडवू देणारे करार यापुढे चालणार नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जगातील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी मिळून जाहीर केले की पैसे देणाऱ्याच्या मुठीतले संशोधन आम्ही छापणार नाही.

देणगी घेऊच नये, असे मला म्हणायचे नाही. देणग्यांशिवाय आपल्या किती शाळा उभ्या राहिल्या असत्या? वक्फमध्ये देणाऱ्याच्या अटी पाळल्या जातात, पण दिलेल्या वस्तूवर त्याची मालकी उरत नाही. परत घेईन म्हणून तो धमकावू शकत नाही. आपल्याकडे १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजे उघडली, आणि हॉलवर ज्याचे नाव कोरले आहे त्याचा फोन आला की प्राचार्य खुर्चीतून उठतात, हे आपण पाहतोच.

आपल्या देशातही औषधांच्या चाचण्या होतात. २०१९ च्या नियमांनुसार नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती बंधनकारक आहे, आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. तुमच्या मुलासाठी असा कागद पुढे आला तर सही करण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा: या चाचणीचा पैसा कोण देतो, आणि मधेच नवा धोका दिसला तर आम्हाला तो कोण, किती दिवसांत सांगेल. उत्तर कागदावर लिहून मागा.