पंख्याचं भाडं आणि पंख्याची मालकी
गावाची वीज – भाग 6

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या फलाटावर थोडा वेळ थांबलं, की कोळशाने भरलेल्या वाघिणी भुसावळकडे जाताना दिसतात. विदर्भातला कोळसा याच लाईनीने दीपनगरच्या वीजकेंद्राला जातो. म्हणजे वीज होते ती इथून हाकेच्या अंतरावर. आणि इथला शेतकरी? एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशा पाळीत येणाऱ्या विजेची वाट बघत तो विहिरीवर बसतो. थंडीत, हातात बॅटरी धरून हरभऱ्याला पाणी भरणारा माणूस पाहिला, की वीज कुणाची हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही.

मागच्या भागात डेन्मार्कच्या साम्सो बेटाची गोष्ट सांगितली होती. तिथे जमिनीवरच्या 11 पवनचक्क्यांपैकी 9 शेतकऱ्यांच्या आणि 2 गावकऱ्यांच्या सहकारी मालकीच्या आहेत. मग धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढे पंखे फिरतात, त्यातले गावाचे किती? मालकी जवळजवळ सगळी बाहेरची.

याचं कारण वाऱ्यात नाही, करात आहे. पवनचक्कीच्या किमतीवर एकेकाळी पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा दाखवता येत असे. मोठा नफा कमावणाऱ्या कंपनीने कुठेही पंखा उभारला, की तिचं करपात्र उत्पन्न तेवढं कमी व्हायचं. शेतीच्या उत्पन्नावर मुळात प्राप्तिकरच नाही. मग शेतकऱ्याला त्या सवलतीचा उपयोग काय? नियमच असा होता, की डोंगर साक्रीचा आणि मालक दूरच्या शहरातला. आपल्या सहकाराने साखर कारखाने काढले, सूतगिरण्या काढल्या, पण पंखा काढला नाही, याची मला फार खंत वाटते.

तमिळनाडूतल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने तो काढला. 2006 मध्ये तिने 350 किलोवॅटची पवनचक्की घेतली. खर्च 1 कोटी 55 लाख. त्यातले 40 लाख पंचायतीच्या शिलकीतले, बाकी बँकेचं कर्ज. विशेष म्हणजे चक्की गावात नाही. जिथे वारा चांगला तिथे, गावापासून शंभरेक किलोमीटरवर ती उभी केली. तिची वीज ग्रिडला जाते, पंचायतीच्या दिवाबत्तीचा आणि पाणीपुरवठ्याचा वापर त्यातून वळता होतो आणि उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात.

बोदवडला मात्र मी पवनचक्की सुचवणार नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. उलटं, वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांशावर येते. म्हणून पठाराच्या कड्यावर परवडणारा पंखा तापी-पूर्णेच्या खोऱ्यात परवडेलच असं नाही. शिवाय आपल्याकडे वारा खरा वाहतो तो पावसाळ्यात, जेव्हा बहुतेक मोटरी बंद असतात. रब्बीत दिवसभर हजर असतं ते ऊन.

आणि उन्हासाठी दार उघडं आहे. 2019 च्या कुसुम योजनेच्या 'अ' घटकात 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचा प्रकल्प शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, पाणीवापर संस्था किंवा पंचायत काढू शकते. वीजखरेदीचा करार 25 वर्षांचा असतो. आता आकडे मांडू. हे माझं ढोबळ गणित आहे. 1 मेगावॅटला साधारण 5 एकर जमीन लागते आणि वर्षाला 15 लाख युनिट मिळतात. युनिटला 3 रुपये धरले तर 45 लाख. खर्च साडेतीन कोटी धरू. त्यातले 1 कोटी 5 लाख गावाचे, म्हणजे 350 घरांचे प्रत्येकी 30 हजार. उरलेलं कर्ज 10 टक्क्यांनी 15 वर्षांत फेडायचं तर वर्षाला 32 लाख जातात. देखभालीला 5 लाख. हातात 8 लाख. पहिली पंधरा वर्षं हे बँकेच्या ठेवीइतकंच सुटतं, त्यात वीज घेणाऱ्या कंपनीने पैसे थकवले तर हप्ता अडतो. सोळाव्या वर्षापासून मात्र 40 लाख गावात राहतात.

तीच जमीन मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत भाड्याने दिली, तर हेक्टरी सव्वा लाखाच्या दराने वर्षाला अडीच लाखांच्या आसपास येतात, दरसाल 3 टक्के वाढीसह. जोखीम काही नाही. कोरडवाहू बरड जमिनीला एवढं भाडं वाईट नाही आणि एकट्या शेतकऱ्याने ते घेतलं तर मी त्याला अडवणार नाही. पण गायरान गावाचं, ऊन सगळ्यांचं, तिथे भाड्यावर समाधान मानण्याआधी ग्रामसभेत हे दोन्ही हिशेब फळ्यावर लिहिले जावेत.

बोदवडला तर आणखी एक कारण आहे. पूर्णेचं पाणी उचलून इकडे आणायची उपसा सिंचन योजना. पाणी वर चढवायचं म्हणजे वीजबिल आलं, आणि बिल थकलं की पंप थांबतात, हे ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांवरच्या शेतकऱ्यांनी सोसलं आहे. पाणीवापर संस्थेकडे स्वतःच्या विजेचं उत्पन्न असेल तर पाणीपट्टीचं गणित बदलतं.

हे सगळं अडतं ते एका तारेवर. प्रकल्प वीज उपकेंद्राच्या 5 किलोमीटरच्या आत असावा लागतो आणि त्या उपकेंद्राची क्षमता शिल्लक असावी लागते. ती कशी तपासायची, अर्ज कुणाकडे करायचा, ते पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या गावाचं उपकेंद्र कोणतं आणि गायरानापासून किती लांब, एवढं मोजून ठेवा.