फोर बाय फोर, पण चाकं दोनच!

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये '४×४' असा झोकदार बिल्ला मिरवणारी एखादी तरी गाडी असेलच. तिच्या मालकाला विचारा, याचा अर्थ काय? तो छाती फुगवून सांगेल, 'चारही चाकांना ताकद मिळते, बॉस!' आता त्याला सांगा की अशी एखादी जुनी गाडी, डावी चाकं कोरड्या रस्त्यावर आणि उजवी चाकं बर्फावर अशी उभी केली, तर त्यातली दोनच चाकं फिरतील. एक पुढचं, एक मागचं. दोन्ही बर्फावरची. डावीकडची दोन शांतपणे तमाशा बघत बसतील आणि गाडी जागची हलणार नाही. तो तुमच्याशी भांडेल. भांडू द्या.

मला हा फंडा डुलुथमध्ये पक्का समजला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं, लेक सुपीरिअरच्या काठावरचं हे शहर. मी इथे सॉफ्टवेअरवाला, बायको एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट. शहर कसं आहे म्हणाल, तर कात्रजचा जुना घाट उचलून वस्तीच्या मधोमध ठेवा, त्यावर लाकडी घरं बांधा आणि वरून फ्रीजरचं दार उघडं ठेवा. खाली तळं (तळं कसलं, समुद्रच तो!), वर सहा-सातशे फुटांचा डोंगरउतार आणि त्या उतारावर नाकासमोर सरळ चढणारे अव्हेन्यू. आपल्या घाटासारखी वळणं घेत चढायची भानगडच नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात इथे १४०.१ इंच बर्फ पडला. म्हणजे साडेअकरा फुटांहून जास्त. शहराचा रेकॉर्ड!

बर्फ पडला की मी लॅपटॉप उघडतो आणि बॉसला 'आज घरून' एवढा मेसेज टाकतो. बायकोचं तसं नाही. तिची शिफ्ट सकाळी साडेसहाला लागते आणि ती पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या माणसाला निघता येत नाही. आयसीयूतल्या पेशंटचं औषध 'आज बर्फ आहे' म्हणून थांबत नसतं. त्यामुळे पहाटे साडेपाचला, बऱ्याचदा रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्यांच्याही आधी, ती डोंगर उतरते आणि संध्याकाळी तोच डोंगर चढून घरी येते. तसंही पारा उणे दहाच्या खाली गेला की मीठ जवळपास निकामीच. मग रस्त्यावर उरतो तो गाड्यांनी घासून घासून काचेसारखा केलेला बर्फ.

आणि तिच्या हाताखाली असतो आमचा २००६ चा फोर्ड रेंजर. पिकअप ट्रक.

'ट्रक घेतलास? तिकडे जाऊन ड्रायव्हर झालास का रे?' व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तेव्हा आईची ही पहिली प्रतिक्रिया. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, हा प्रकार इथे घरोघरी असतो हे तिला अजून पटलेलं नाही. रेंजर तर या राज्याचं घरचंच लेकरू. राजधानी सेंट पॉलमधल्या फोर्डच्या कारखान्यात बनलेला. १९२५ पासून चाललेला तो कारखाना डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला आणि त्या जागेवर नवी वसाहत उभी राहिली. पण त्या कारखान्यातले ट्रक अजून सगळीकडे धावताना दिसतात.

पिकअपची मूळ अडचण अशी की इंजिन पुढे आणि हौदा रिकामा. पुढे पैलवान, मागे हडकुळा. आणि रोजची ताकद जाते ती नेमकी मागच्या हडकुळ्या चाकांना.

भोपळ्याच्या पोटात

अशा गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध वाकून बघा. एक लोखंडी गोळा दिसेल. इथले मेकॅनिक त्याला लाडाने 'पम्पकिन' म्हणतात. चक्क भोपळा! त्याच्या पोटात डिफरन्शिअल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्यावर घट्ट बसवलं तर एकाची फरफट होणार. बैलगाडीला हा प्रश्न येत नाही, कारण तिची चाकं कण्यावर सुटी फिरतात. पण जिथे इंजिन चाकांना फिरवतं, तिथे ताकदही द्यायची आणि वेगवेगळ्या वेगाने फिरूही द्यायचं, ही दुहेरी कसरत डिफरन्शिअलमधले गिअर करतात.

साधं म्हणजे 'ओपन' डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. ऐकायला किती छान, किती समतावादी! गोची इथेच आहे. बर्फावरचं चाक समजा ५० चा जोर पेलू शकतं. त्याहून जास्त दिला की ते गरागरा फिरायला लागतं. मग कोरड्या रस्त्यावरच्या चाकालाही ५० च मिळणार. त्याची ३०० घ्यायची तयारी असली तरी! टीममधल्या सगळ्यात ढिल्या मेंबरच्या स्पीडने अख्खा प्रोजेक्ट चालावा, तसं. (हे आपण ऑफिसात रोज बघतोच.) ४×४ चा गिअर टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडले जातात हे खरं, पण प्रत्येक एक्सलच्या आत हा समतावादी बसलेलाच असतो.

आणि एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला डांबर ही काही पुस्तकातली कल्पना नव्हे. बर्फ सारणारी गाडी रस्ता साफ करते ती सगळा बर्फ कडेला लोटून. तुमची गाडी कुठे उभी असते? कडेलाच. रोज पहाटे उजवी चाकं त्या गोठलेल्या चिखलात आणि डावी चाकं मोकळ्या रस्त्यावर, तीही चढावर.

लॉकर की लिमिटेड स्लिप?

बदलायचं ठरलं की पहिला सल्ला हमखास मिळतो तो म्हणजे 'लॉकर टाक!' लॉकर दोन्ही चाकांना एकमेकांशी पक्कं जखडतो. एक चाक हवेत लटकलं तरी सगळी ताकद दुसऱ्याला मिळते. दगडधोंड्यांत, चिखलात, शिकारीच्या जंगलात याला तोड नाही. ऐकायला सॉलिड. पण डुलुथच्या उतारावर मला तो नको होता, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

टायरची पकड एकच असते, ती दोन कामांत वाटली जाते. गाडीला पुढे ढकलणं आणि गाडीला आडवं घसरू न देणं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की आडवी पकड जवळजवळ संपते. ओपन डिफरन्शिअलमध्ये एक चाक फिरतं तेव्हा दुसरं मुकाट असतं, आणि तेच गाडीचं बूड जागेवर धरून ठेवतं. गाडी पुढे जात नाही, पण आडवीही होत नाही. लॉकर लावलात आणि खाली सगळीकडेच बर्फ असेल तर दोन्ही चाकं एकदम फिरतात. मग गाडी पुढे जाते की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी तिचं बूड उताराच्या बाजूला सरकतं. तिथे शेजाऱ्याची गाडी उभी असते. किंवा शेजारी.

म्हणजे बर्फावर 'जास्त ट्रॅक्शन' आणि 'जास्त सुरक्षित' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी मी चालवणार असतो तर कदाचित हौस म्हणून लॉकर घेतलाही असता. पण पहाटेच्या अंधारात, रात्रीची अर्धवट झोप डोळ्यांवर घेऊन ती चालवते दुसरंच माणूस. तिथे हौस कामाची नाही.

मधला रस्ता म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. त्यात क्लच प्लेटवालं स्वस्त मिळतं, पण प्लेट झिजतात आणि ऑइलमध्ये वेगळं औषध घालावं लागतं. मी घेतलं ते निव्वळ गिअरवालं, ईटन कंपनीचं डेट्रॉइट ट्रूट्रॅक. आतले तिरप्या दात्यांचे गिअर जोर आला की आपोआप आवळले जातात आणि पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या साधारण अडीच-तीन पट जोर देतात. बर्फावरचं चाक ५० घेत असेल तर डांबरावरच्याला सव्वाशे-दीडशे. ना बटण, ना वायर. वळणावर आवाज नाही, धक्का नाही. मर्यादा एकच. चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी अॅक्सिलरेटर देता देता ब्रेक हलकासा दाबायचा. त्या अडथळ्यालाच ते पकड समजतं आणि दुसऱ्या चाकाला जोर पाठवतं.

पुढचं डिफरन्शिअल मी ओपनच ठेवलं. पुढच्या चाकांना स्टिअरिंगचं काम आहे. तिथे घट्टपणा आणला की बर्फावर गाडी वळण्याऐवजी सरळ जायला बघते. पुढे काही टाकायचंच असेल तर बटणावर चालू-बंद होणारा लॉकर बरा, ऑस्ट्रेलियन एआरबीच्या एअर लॉकरसारखा. पण हॉस्पिटल ते घर एवढ्यासाठी? काही गरज नाही.

बाबा आणि बारा थाऊ

काम पुलापलीकडे, विस्कॉन्सिनमधल्या सुपीरिअर गावात एका छोट्या गॅरेजमध्ये केलं. आता गंमत अशी की आमचे बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. माझं सॉफ्टवेअर त्यांना कधी कळलं नाही, मला त्यांचं काम कधी कळलं नाही. पण फोनवर 'डिफरन्शिअल' म्हटल्याबरोबर ते ताठ होऊन बसले.

'क्राऊन-पिनियन तेच ठेवणार ना? मग बॅकलॅश कोण बघणार?'

'मेकॅनिक बघेल, बाबा.'

'तो बघेल. तू पण बघ. मला दाखव.'

म्हणून पुण्यातल्या मध्यरात्री बाबा व्हिडिओ कॉलवर. ऑइल काढलं, झाकण उघडलं, मधली पिन काढून दोन्ही एक्सल थोडे आत ढकलले, त्यांच्या टोकाच्या सी-क्लिप काढल्या आणि एक्सल बाहेर ओढले. मग जुनं डिफरन्शिअल उचलून त्यावरचा क्राऊन नव्यावर चढवला. इथवर नटबोल्टचं काम. खरी कारागिरी पुढे. क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांमध्ये किती ढिलाई राहते ते डायल गेजने मोजायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिम्स बदलून ते जुळवायचं. फोर्डच्या या ८.८ इंची एक्सलला ०.००८ ते ०.०१५ इंच चालतं. कमी झालं तर दाते तापतात, जास्त झालं तर गाडी कण्हायला लागते. पिवळी पेस्ट लावून दाते कुठे टेकतात तेही बघायचं. मेकॅनिकने तीनदा शिम्स बदलल्या. शेवटी काटा ०.०१२ वर थांबला.

'बारा थाऊ,' बाबा म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेकॅनिकने अंगठा दाखवला, बाबांनीही दाखवला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

ऑइल मात्र साधं खनिज ८०डब्ल्यू-९०. ट्रूट्रॅकला सिंथेटिक नको म्हणतात आणि ते क्लचवाल्यांचं औषध तर अजिबात नको. सगळं मिळून बाराशे डॉलरच्या आसपास गेले. लाखभर रुपये म्हणा.

आता फरक. पहिल्या मोठ्या बर्फानंतर बायको घरी आली आणि म्हणाली, 'आज कडेवरून गाडी काढताना काही कळलंच नाही.' याहून मोठं सर्टिफिकेट मला नको. चढावर जोरात अॅक्सिलरेटर दिला तर मागून शेपूट किंचित हलते, हेही तिनेच सांगितलं. 'पाय हलका ठेवला की गप्प बसते.'

पण खिशात पैसे मोजकेच असतील तर ते आधी टायरवर घाला. हे मी ट्रूट्रॅक लावूनही सांगतोय. डिफरन्शिअल गाडीला पुढे ढकलतं, ब्रेक लावायला किंवा उतारावर थांबवायला ते जवळपास काहीच करत नाही, आणि बायको पहाटे उतरतच असते. डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चिन्ह असलेल्या विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, साध्या टायरचं कडक होतं. (खिळेवाले टायर लावायची आयडिया डोक्यात आली असेल तर मिनेसोटाच्या रहिवाशांना त्याला बंदी आहे.) दुसरा उपाय स्वस्तातला. साठ पौंडांच्या वाळूच्या चार पिशव्या हौद्यात, बरोब्बर मागच्या एक्सलवर, आणि दोरीने आवळून. त्या सुट्या राहिल्या तर अचानक ब्रेक लावल्यावर केबिनवर येऊन आदळतात. गाडी अडकलीच तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

नवी गाडी असेल तर हा खटाटोप कितपत करायचा? अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचा झाला. बऱ्याच नव्या ट्रकमध्ये फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटरच ब्रेक लावतो आणि ओपन डिफरन्शिअलला बनवतो. रोजच्या वापराला ते पुरतं, फक्त लांब चढावर ब्रेक तापतात. आपल्याकडे २०२० साली आलेल्या नव्या थारच्या मागच्या एक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल मिळालं. तेव्हा पार्किंगमधला तो मित्र थारवाला असेल तर त्याच्याशी पैज लावताना जरा जपून.

जुना रेंजर घेणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचावा. एक्सल कोडमध्ये नुसते आकडे असतील तर ओपन, इंग्रजी अक्षर असेल तर कंपनीचंच लिमिटेड स्लिप. पण वीस वर्षांत आतलं काय काय बदललं असेल कोण जाणे. म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची दोन्ही चाकं जॅक स्टँडवर उचला, गाडी न्यूट्रलला टाका आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं सहज उलट्या दिशेने फिरलं तर भोपळा ओपन आहे. भाव पाडून मागा.