माथेरानच्या गाडीची चाल

निलगिरीच्या लोहमार्गावर तीव्र चढ दात्यांच्या रुळाच्या आधाराने चढला जातो. नेरळ-माथेरान मार्गाला तो आधार नाही. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेला, १९०७ साली सुरू झालेला हा दोन फुटी मार्ग केवळ चाक व रूळ यांच्या घर्षणावर डोंगर चढतो. बोरघाटात मुख्य मार्गाचा तीव्रतम चढ सदतिसास एक, येथे विसास एक. वळणेही इतकी आवळ की ताठ आसाचे इंजिन त्यांत अडकावे. म्हणून आरंभीच्या जर्मन बनावटीच्या इंजिनांत टोकांची चाके आडवी सरकतील असे पोकळ आस योजिले होते.

खरा कस उतरणीचा. इंजिनाची शिट्टी ऐकून डब्याडब्यावरील ब्रेकवाला हाताने ब्रेक आवळी; २०१६ मधील घसरणीच्या अपघातांनंतर हवेचे ब्रेक आले. ‘माथेरानची राणी’ या लाडक्या उपाधीत त्या मनगटांचा उल्लेख नाही.

२००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त केला. तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते, आणि दस्तुरीपुढे खाजगी मोटारींना मज्जाव असल्याने गावाला तिचाच मोठा आधार असतो.