पितरांची वाट

वर्गात ‘प्रतीक’ ही संज्ञा शिकवताना मी नेहमी फुलांचा दाखला देतो. झेंडूचेच पाहा ना! दसऱ्याला त्याच्या तोरणावाचून आपले दार शोभत नाही. पण श्राद्धाच्या तबकात त्याला मज्जाव. तिथे हवीत पांढरी सुवासिक फुले, तुळस आणि माका.

गंमत अशी, की हा झेंडू मूळचा आपला नव्हेच. तो मेक्सिकोचा, आणि तिकडे तर तो खास पितरांचाच मानकरी! १ आणि २ नोव्हेंबरला गेलेले आप्त घरी भेटीस येतात, अशी तिथली श्रद्धा. पहिला दिवस बालकांचा, दुसरा थोरांचा. घरात त्यांच्या तसबिरी मांडतात, आवडीचे पदार्थ वाढतात (आपले पितरांचे पानच म्हणा!) आणि दारापासून तिथवर झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. तो भगवा रंग आणि तो उग्र दर्प यांच्या मागाने आत्म्याला घर सापडते म्हणे. युनेस्कोने २००८ साली हा सोहळा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला.

आपण मृतांच्या तसबिरींना ज्याचे हार घालतो, तो पांढरा निशिगंधही मेक्सिकोचाच. तिथल्या प्राचीन नाहुआतल भाषेत त्याचे नाव ‘हाडाचे फूल’! आपण मात्र तोच निशिगंध लग्नाच्या हारांतही खुशाल गुंफतो.

मग फुलाचा अर्थ ठरवायचा कुणी? माझ्या वडिलांना झेंडूचे भारी वेड. गॅलरीतल्या कुंड्यांत ते दुसरे काही लावीतच नसत. त्यांच्या वर्षश्राद्धाला आईने तबकात दोन झेंडू ठेवले. गुरुजींनी ते हलकेच बाजूला काढले. आई काही बोलली नाही. ते उचलून तिने वडिलांच्या तसबिरीपाशी नेऊन ठेवले. मला दोघांचेही पटले. गुरुजींपुढे पितर होते. आईपुढे तिचा माणूस होता.

आणि दिवाळी तरी नुसती जित्यांची कुठे आहे? महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून आश्विन अमावास्येला उल्कादान करावे, असे आपले धर्मग्रंथ सांगतात. मेक्सिकोतली माणसे येण्याची वाट फुलांनी आखतात. आपण जाण्याची वाट दिव्यांनी उजळतो. तेव्हा वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारात पणती ठेवताना घरातल्या मुलांना जवळ बोलवा, आणि आपल्या गेलेल्या माणसांना कोणते फूल आवडे, तेवढे त्यांना अवश्य सांगा.